नाणी मोजणं वेगळं, पैसे मोजणं वेगळं

बालवाडीतल्या पोरापुढे पाचाचं एक, दोनाची दोन आणि रुपयाचं एक नाणं ठेवा. आजी विचारते, "कितला पैसा झायात रे?" पोरगं एकेका नाण्यावर बोट टेकवत ठणकावून सांगतं, "चार!" घरातले हसतात. पण त्याचं काय चुकलं? नाणी चारच आहेत. रुपये दहा आहेत, ही गोष्ट वेगळी.

शेंगा मोजा, फणीतली केळी मोजा, नियम तोच: एका वस्तूला एक बोट, एक आकडा. हा नियम पोराला आत्ता कुठे पक्का झालेला असतो आणि पैशात नेमका तोच मोडतो. एक नाणं, पण त्यात रुपये पाच. म्हणून पाचाचं एक नाणं देऊन रुपयाची तीन घ्यायला धाकटा आनंदाने तयार होतो. मोठ्या भावाला हे बरोबर कळलेलं असतं.

'मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे' असं सांगायची घाई नको. २०१९ साली आलेल्या मालिकेत तसं आहे खरं: रुपया २० मिलिमीटर, दोन रुपये २३, पाच २५, दहा २७. पण बाजारात जुनी नाणी यांच्यातच मिसळलेली. नव्वदीतला स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि २०११ नंतरचं दोनाचं नाणंही तेवढंच, दोन्ही पांढरी. दहाचं नि विसाचंही माप एकच. तिथे कडा बघायला लावा. विसाचं बारा कोनांचं आहे, शिवाय दहाची कड पिवळी नि मध्य पांढरा, विसाचं उलट. एरवी आकारावर जायचंच नाही, नाण्यावरचा आकडा वाचायला शिकवायचा.

किंमत समजवायला आपल्या खान्देशात शेंगदाण्यांची कमी नाही. पाचाच्या नाण्याशेजारी पाच दाणे, रुपयाशेजारी एक. मग दाणे मोजायचे, नाणी नाही. काही दिवसांनी दाणे काढून घ्या. पाचाच्या नाण्यावर बोटाने पाच टिचक्या, रुपयावर एक, आणि मोजणी न तोडता पुढे. (लहान भावंड जवळ असेल तर नाणी नि दाणे दोन्ही त्याच्यापासून लांब. सगळं तोंडात जातं.)

सुरुवातीला फक्त रुपया आणि पाच द्यावेत. दोनाचं नाणं दिसायला सोपं, पण पाचानंतर आलं की पाच, सात, नऊ असं म्हणावं लागतं, आणि पोरांनी पाठ केलेलं असतं दोन, चार, सहा. तिथेच गाडी अडते. दहाचं त्यामानाने लवकर जमतं. दहा, वीस, तीस तोंडावर असतं. ढिगातली मोठ्या किमतीची नाणी आधी उचलायची सवयही इथेच लावा.

आजोबा 'बारा आणे' म्हणतात ते म्हणू द्या, पण हिशेबात आणू नका. १९५७ साली शंभर पैशांचा रुपया झाला आणि चार आण्याचं नाणंही ३० जून २०११ नंतर चालेनासं झालं. पोराच्या हाती रुपयाखालचं काही पडतच नाही.

फोनवरून पैसे देताना पोराला फक्त 'टिंग' ऐकू येतं. म्हणून आठवडे बाजारात एखादी खरेदी रोखीने करावी. सात रुपयांची कोथिंबीर, हातात दहाचं नाणं. दहातून सात वजा करायला लावू नका. जुन्या भाजीवाल्या मावशी सुटे परत देतात ते बघू द्या. जुडी हातात ठेवून त्या म्हणतात "सात", रुपया ठेवून "आठ", दोनाचं नाणं ठेवून "दहा." नाणी दोन आली, पैसे तीन. घरी भाजीची टोपली मांडून पुढच्या वेळी मावशी पोराला होऊ द्या, गिऱ्हाईक तुम्ही व्हा, आणि मुद्दाम दहाऐवजी विसाचं नाणं पुढे करा.