अप्पर-डिप्पर

रात्री वाहन चालवताना हेडलाईटचा झोत गरजेप्रमाणे वर किंवा खाली करण्याची पद्धत. लांबवर जाणाऱ्या झोताला ‘अप्पर’ आणि खाली झुकवलेल्या झोताला ‘डिप्पर’ म्हणतात. ट्रकच्या मागे रंगवलेल्या ‘यूज डिप्पर अ‍ॅट नाइट’ या सूचनेमुळे हा शब्द इंग्रजी न शिकलेल्यांच्याही तोंडी बसला आहे.

भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने डिप्परच्या झोताची उजवी बाजू खाली कापलेली असते, तर डावी बाजू किंचित वर चढते. त्यामुळे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत आणि कडेचा पायी चालणारा मात्र दिसतो. अंधारात भिंतीसमोर गाडी उभी केल्यास ही चढती रेषा स्पष्ट ओळखता येते. डिकीत वजन वाढले की गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि डिप्परही डोळ्यांवर येऊ लागतो. झोत खाली घेणारी छोटी चकती अनेक मोटारींत स्टिअरिंगच्या बाजूला असते, पण तिला क्वचितच कोणी हात लावतो.

राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात एकत्र येतात, त्यामुळे शहराभोवती जड वाहतूक रात्रभर चालते. तरी खरी कसोटी दुभाजक नसलेल्या लहान रस्त्यांवर लागते. काटोल-नरखेड भागात संत्र्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलबंड्या रात्रीही रस्त्यावर असतात, आणि कित्येकींना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. समोरच्याचा अप्पर अंगावर आला की पुढे चाललेली बंडी दिसेनाशी होते. ‘त्याने डिप्पर दिला नाही’ म्हणून आपणही अप्पर लावण्याची खोड सर्वत्र आढळते. तिने दोन्ही चालक आंधळे होतात, आणि ताशी ८० किमी वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे गेलेली असते. अशा वेळी वेग कमी करून नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवणे योग्य. हिवाळ्यातील धुक्यातही अप्पर निरुपयोगी ठरतो, कारण धुक्याच्या कणांवरून परतलेला प्रकाश समोर पांढरा पडदा उभा करतो.

दुचाकींच्या बाबतीत, एप्रिल २०१७ पासून इंजिन सुरू होताच हेडलाईट आपोआप लागण्याची सोय नव्या गाड्यांत सक्तीची आहे.

नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग ४४ च्या काही भागात कडेला आडभिंती उभारल्या असून, खालच्या भुयारी वाटांनी ये-जा करणाऱ्या वन्यप्राण्यांवर हेडलाईटचा झोत आणि वाहनांचा आवाज पोहोचू नये, हा त्यांचा हेतू आहे.