लक्ष टिकत नाही की मन धास्तावलंय? मुलांमधला एडीएचडी आणि चिंताविकार

दोन मुलं, वय 13-14. दोघांच्याही गणिताच्या पेपरात निम्मी उदाहरणं राहिलेली आणि दोघांनाही शेरा एकच: 'लक्ष देत नाही.' आता पेपर जवळून पाहा. पहिल्याने अधिकच्या जागी वजा वाचलंय, एक पायरी गाळलीय आणि शेवटचं पान उलटायचं राहूनच गेलंय. दुसऱ्याच्या पेपरात पहिल्याच उदाहरणाचा कागद खोडून खोडून फाटायला आलाय. उत्तर बरोबर होतं. तेच त्याने तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आणि वेळ संपली.

पहिल्याचं लक्ष निसटतं, म्हणून शंका एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या विकाराची. दुसऱ्याचं लक्ष 'चुकलं तर?' या एकाच विचाराला चिकटून बसतं, म्हणून शंका चिंताविकाराची. एका पेपरवरून निदान होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यातून कळतं.

घोळ होतो तो साहजिक आहे. एकाग्रता न होणं आणि अस्वस्थपणा ही लक्षणं दोन्हीकडे आहेत. त्यात वयही अडचणीचं. कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे बेत आखणारा आणि आवर घालणारा भाग, पंचविशीच्या आसपास पक्का होतो. भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डला मात्र त्याच्या कितीतरी आधी जोमात असतो. या काळात घंटा मोठी आणि ब्रेक कच्चे, हे सगळ्याच मुलांचं असतं. चिंताविकारात ती घंटा धोका नसतानाही वाजत राहते. एडीएचडीची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं, की मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास कमाल होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास. वाढीचा क्रम तोच, गती संथ, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात. पण म्हणून 'मोठा झाला की सुधारेल' असं म्हणत थांबू नका. अनेकांचा त्रास मोठेपणीही राहतो.

मला सगळ्यात उपयोगी वाटणारा प्रश्न आहे, 'कधीपासून?' 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेप्रमाणे एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी दिसायला हवीत, आणि तीही घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी. आतापर्यंत नीट चाललेलं मूल चौदाव्या वर्षी अचानक हरवल्यासारखं वागू लागलं, तर आधी चिंता, नैराश्य, झोप किंवा शाळेतली दादागिरी यांची चौकशी करावी. चिंतेच्या खुणा शरीरावरही उमटतात: शाळेच्या सकाळी दुखणारं पोट, रात्री न लागणारी झोप, 'सगळं ठीक होईल ना?' असं पुन्हा पुन्हा विचारणं.

'मोबाइलवर बरं दोन तास लक्ष लागतं!' हे वाक्य ऐकलं की मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटते. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवणं जमत नाही. क्षणाक्षणाला बक्षीस देणाऱ्या खेळाकडे ते आपसूक ओढलं जातं. आणि गडबड न करता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुली तर अनेकदा निदानातून सुटतातच.

दोन्ही एकत्र असणंही दुर्मीळ नाही. एडीएचडी असलेल्या साधारण चार मुलांपैकी एकाला तरी चिंताविकारही असतो. वर्षानुवर्षं 'विसरलास ना पुन्हा?' ऐकलेलं मूल झोपण्याआधी पाच वेळा दप्तर तपासू लागतं. वही आता घरी राहत नाही, त्यामुळे विसराळूपणा कुणाला दिसत नाही. दिसते ती फक्त काळजी, आणि मुळातला एडीएचडी तिच्याआड दडून राहतो.

उपचारांच्या वाटा वेगळ्या आहेत. एडीएचडीत मिथाइलफेनिडेटसारखी औषधं आणि पालकांचं प्रशिक्षण, तर चिंतेत मुख्यतः सीबीटी, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जायला शिकवणारी उपचारपद्धती. दोन्ही असतील तर मानसोपचारतज्ज्ञ सहसा जास्त छळणाऱ्या त्रासापासून सुरुवात करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. कामं वेळेत होऊ लागली की काहींची धास्ती आपोआप ओसरते. काहींची तशीच राहते, आणि मग तिच्यावर वेगळे उपचार सुरू होतात.