सामाजिक शास्त्रांतील संशोधन प्रकल्पासाठी आयसीएसएसआरचे अनुदान : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

सामाजिक शास्त्रांत काम करणाऱ्या प्राध्यापकाला संशोधन प्रकल्पासाठी निधी हवा असेल, तर सर्वांत आधी नाव निघते ते भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या आयसीएसएसआरचे. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही परिषद केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि जे. पी. नाईक पहिले सदस्य सचिव होते. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आहे आणि चर्चासत्रांसारख्या लहान अनुदानांसाठी त्याचा उपयोग होतो. लघु किंवा बृहत् संशोधन प्रकल्पाचा अर्ज मात्र दिल्लीच्या मुख्यालयाकडे, परिषदेच्या संकेतस्थळावरूनच करावा लागतो.

या प्रक्रियेतील एक गोष्ट नीट समजली की बाकीचे नियम आपोआप उलगडतात. अर्ज संशोधक करतो, पण अनुदान संस्थेला मिळते. पैसा प्राध्यापकाच्या बँक खात्यात येत नाही. तो महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यात जमा होतो, त्याचा हिशेब संस्था ठेवते आणि तो नीट खर्च झाल्याचे प्रमाणपत्रही संस्थाच देते. त्यामुळे प्रस्ताव कितीही उत्तम असला, तरी प्राचार्यांचे कार्यालय आणि लेखा विभाग सोबत नसतील तर अर्ज पुढे सरकत नाही.

अर्ज कोण करू शकतो

प्रकल्प संचालक म्हणून अर्ज करणारी व्यक्ती साधारणपणे पीएच.डी. झालेली आणि मान्यताप्राप्त विद्यापीठात, महाविद्यालयात किंवा संशोधन संस्थेत नियमित पदावर काम करणारी असावी लागते. निवृत्त प्राध्यापकांनाही अर्ज करता येतो, परंतु त्यांनाही एखाद्या पात्र संस्थेशी संलग्न व्हावे लागते. महाविद्यालयाच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २ (एफ), म्हणजे महाविद्यालय म्हणून आयोगाची मान्यता, आणि १२ (बी), म्हणजे केंद्रीय अनुदानास पात्रता, या दोन्ही बाबी पाहिल्या जातात. अनेक विनाअनुदानित महाविद्यालयांकडे २ (एफ) असते आणि १२ (बी) नसते, आणि ही बाब प्राध्यापकाच्या ध्यानात अर्ज भरताना येते. म्हणून प्रस्तावाचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी आयोगाचे ते पत्र कार्यालयातून काढून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी जाहिरातीतील ‘नियमित’ हा शब्द काळजीपूर्वक पाहावा. वर्षानुवर्षे शिकवूनही केवळ नेमणुकीच्या स्वरूपामुळे त्यांना प्रकल्प संचालक होणे कठीण जाते, हे अन्यायाचे आहे असे मला वाटते. पण नियम तसा आहे. पीएच.डी. झालेली असेल तर परिषदेच्या पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्तीचा मार्ग त्यांच्यासाठी अधिक मोकळा आहे. पीएच.डी. चालू असणाऱ्यांनी प्रकल्पाच्या वाटेला न जाता अधिछात्रवृत्तीच पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये झाली आहे. राज्यात अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी बार्टी, मराठा व कुणबी उमेदवारांसाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी महाज्योती पीएच.डी.करिता अधिछात्रवृत्ती देतात. एकाच वेळी दोन ठिकाणची अधिछात्रवृत्ती घेता येत नाही आणि तसे हमीपत्र लिहून द्यावे लागते.

विषयाची अडचण मानव्यविद्येतील संशोधकांना अधिक जाणवते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य, व्यवस्थापन हे विषय आयसीएसएसआरच्या कक्षेत सरळ बसतात. निव्वळ इतिहासाचा प्रस्ताव १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय इतिहास संशोधन परिषदेकडे आणि तत्त्वज्ञानाचा भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषदेकडे न्यावा. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरावर काम करणाऱ्याने मोडी लिप्यंतराचा खर्च आणि त्याला लागणारा वेळ तेथे मोकळेपणाने मांडावा, कारण इतिहासाच्या तज्ज्ञांना तो समजावून सांगावा लागत नाही. साहित्य किंवा भाषेचा विषय सामाजिक शास्त्राच्या पद्धतीने हाताळला असेल, म्हणजे वाचक, बोलणारे किंवा प्रकाशनव्यवहार यांची माहिती प्रत्यक्ष गोळा केली जाणार असेल, तरच तो आयसीएसएसआरकडे पाठवण्यात अर्थ आहे.

कागदपत्रे

जन्मतारखेच्या पुराव्यासाठी दहावीचे प्रमाणपत्र, पदव्युत्तर गुणपत्रके, पीएच.डी.चे पदवी प्रमाणपत्र, प्रकाशनांची यादी, नेमणुकीचा दाखला, लागू असल्यास जात किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र, संस्थेचे मान्यतापत्र, आणि पूर्वी परिषदेचा प्रकल्प घेतला असल्यास तो पूर्ण झाल्याचे पत्र, एवढी जमवाजमव जाहिरातीची वाट न पाहता करून ठेवावी. जाहिरात निघाल्यापासून मुदत संपेपर्यंतचे आठवडे प्रस्तावासाठीच अपुरे पडतात. विवाहानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांच्या पदवी प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे आणि सेवापुस्तकात तिसरे असे हमखास आढळते. अशा वेळी राजपत्रातील नावबदलाची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडावे आणि अर्जात सर्वत्र एकच नाव लिहावे.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे संस्थेचे अग्रेषण पत्र आणि हमीपत्र. संस्था प्रकल्पाला जागा, ग्रंथालय व प्रशासकीय साहाय्य देईल, अनुदानाचा स्वतंत्र हिशेब ठेवेल आणि वेळेवर लेखापरीक्षित विवरण सादर करील, अशी लेखी जबाबदारी त्यात प्राचार्य किंवा कुलसचिव घेतात. मजकूर परिषदेने ठरवून दिलेल्या नमुन्यातीलच असावा. आपल्या शैलीत सुधारणा करू नये. एका वर्षी माझ्या प्रस्तावाच्या अग्रेषण पत्रावर सही होती, गोल शिक्का होता, पण जावक क्रमांक आणि दिनांक यांच्यापुढची टिंबे तशीच रिकामी राहिली होती. संबंधित लिपिक रजेवर होते, जावक नोंदवही कपाटात कुलूपबंद होती आणि मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तेव्हापासून मी सही घेण्याआधी जावक क्रमांक घेतो.

प्रस्ताव आणि अंदाजपत्रक

प्रस्ताव इंग्रजी किंवा हिंदीत लिहावा लागतो. त्यात प्रस्तावना, संशोधन समस्या, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, संशोधन प्रश्न किंवा गृहीतके, संशोधन पद्धती, नमुना निवड, वेळापत्रक, अपेक्षित निष्पत्ती आणि अंदाजपत्रक असा क्रम असतो. आपल्याकडचे बहुतेक प्रस्ताव पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात पाने खर्च करतात आणि पद्धतीवर दोन परिच्छेद लिहून थांबतात. तज्ज्ञ समिती मात्र नेमके उलटे वाचते. माहिती कोणाकडून, कोठे, केव्हा आणि कशी मिळवणार, हे तिला आधी पाहायचे असते.

एक उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर कुटुंबांतील स्त्रियांच्या कामाचा आणि मिळकतीचा अभ्यास करायचा आहे. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना एक ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात मुक्कामाला असतात. ज्याच्या वेळापत्रकात ‘डिसेंबर-जानेवारी : गावांतील कुटुंबांचे सर्वेक्षण’ असे लिहिलेले असेल, त्याला गावात म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुलेच भेटणार. ही एक ओळ वाचून जाणकार परीक्षक उरलेला प्रस्ताव कोणत्या नजरेने वाचेल, हे सांगायला नको. येथे मुलाखतींचा पहिला टप्पा पावसाळ्याच्या आगेमागे गावात आणि दुसरा हंगामात तळावर ठेवावा लागतो, आणि प्रकल्पाचा आरंभ केव्हा होईल हे मंजुरीवर अवलंबून असल्याने वेळापत्रक दोन्ही शक्यतांना पुरेल असे आखावे लागते.

पैशाची मांडणीही याच आखणीतून निघायला हवी. परिषदेच्या अलीकडच्या मार्गदर्शिकांत खर्चाची विभागणी साधारण अशी असते : संशोधन साहाय्यकांवर एकूण रकमेच्या ४५ टक्क्यांपर्यंत, क्षेत्रकार्यावर ३५ टक्क्यांपर्यंत, उपकरणे व अभ्याससाहित्यावर १० टक्के, किरकोळ खर्चासाठी ५ टक्के आणि अहवालाच्या प्रकाशनासाठी ५ टक्के. संस्थेचा प्रशासकीय खर्च याहून वेगळा दिला जातो. चालू जाहिरातीत बदल झाला असल्यास अर्थातच तोच आकडा धरावा.

वरील अभ्यासासाठी ५ लाख रुपये मागितले, असे समजू. मग क्षेत्रकार्याच्या वाट्याला १,७५,००० रुपये येतात. अनेक जण एवढा एकच आकडा लिहून मोकळे होतात. त्याऐवजी हिशेब उलगडून दाखवावा. गावात २०० कुटुंबे, दिवसाला ४ मुलाखती, म्हणजे ५० दिवस. प्रवास व मुक्काम मिळून दिवसाला १,२०० रुपये धरल्यास ६०,००० रुपये. तळावर त्यांपैकी १०० कुटुंबे. तेथे पहाटेच फडावर गेलेली माणसे संध्याकाळनंतरच बोलायला मोकळी होतात, म्हणून दिवसाला २ मुलाखती, पुन्हा ५० दिवस, आणि लांबच्या प्रवासामुळे दिवसाला १,५०० रुपये, म्हणजे ७५,००० रुपये. मराठी प्रश्नावलीची पूर्वचाचणी, दुरुस्ती आणि छपाई यांसाठी १५,००० रुपये. ध्वनिमुद्रित केलेल्या २५ सविस्तर मुलाखतींचे लेखन व भाषांतर प्रत्येकी १,००० रुपयांप्रमाणे २५,००० रुपये. बेरीज बरोबर १,७५,००० होते. मुलाखती मराठीत आणि अहवाल इंग्रजीत असेल तर भाषांतराचा खर्च टळत नाही. तो आधी न मागणाऱ्याला शेवटी स्वतः रात्री जागून भाषांतर करावे लागते, हे अनुभवाचे बोल आहेत.

अर्ज भरण्यापासून मंजुरीपर्यंत

संकेतस्थळावर नोंदणी करून माहिती भरावी, प्रस्ताव आणि कागदपत्रे जोडावीत, अर्ज अंतिम सादर करावा. मुद्रित प्रत मागितली असल्यास ती अग्रेषण पत्रासह स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, याचा दोष कोणाला देऊन उपयोग नाही. तीन-चार दिवस आधी अर्ज भरावा.

छाननीत पात्र ठरलेले प्रस्ताव तज्ज्ञांकडे जातात आणि निवडक अर्जदारांना सादरीकरणासाठी बोलावले जाते. सादरीकरणाचा वेळ थोडा असतो, आणि प्रश्न बहुधा साधे असतात : २०० कुटुंबेच का, हीच गावे का, मुकादमासमोर स्त्रिया मोकळेपणाने बोलतील का, संमती कशी घेणार. शेवटच्या प्रश्नाला संस्थेच्या आचारनीती समितीची मान्यता हे उत्तर तयार असावे. मंजूर रक्कम मागणीपेक्षा कमी असू शकते. तसे झाल्यास नमुन्याचा आकार किंवा गावांची संख्या कमी करून सुधारित अंदाजपत्रक द्यावे, काम तेवढेच ठेवून पैसे कमी करू नयेत.

मंजुरीनंतर

मंजुरी पत्र आल्यावर संस्थेची पीएफएमएस या केंद्राच्या निधी प्रणालीवरील नोंदणी तपासली जाते. ती नसेल तर पहिला हप्ता अडतो. अनुदान सर्वसाधारणपणे ४०, ४० आणि २० टक्के अशा हप्त्यांत येते. दुसऱ्या हप्त्यासाठी प्रगती अहवाल आणि खर्चाचे विवरण द्यावे लागते. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल स्वीकारला गेल्यानंतर मिळतो, म्हणजे तेवढा खर्च संस्थेने आधी आपल्या पदरचा करायचा असतो. ही गोष्ट प्राचार्यांना अर्जाच्या वेळीच सांगून ठेवलेली बरी.

उपयोगिता प्रमाणपत्र २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १२-ए या नमुन्यात द्यावे लागते. हिशेब आर्थिक वर्षाप्रमाणे मांडायचा असल्याने ३१ मार्च ओलांडणाऱ्या प्रकल्पाची पावत्यांची धारिका दोन भागांत ठेवणे सोयीचे पडते. तळावरच्या जीपचालकाकडे किंवा खानावळीत छापील पावती मिळत नाही. तेथे दिनांक, अंतर, रक्कम आणि सही असलेली साधी पावती त्याच दिवशी लिहून घ्यावी.

अंतिम अहवालासोबत सारांश, गोळा केलेली मूळ आकडेवारी आणि वाङ्मयचौर्य तपासणीचा दाखला द्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे अहवाल त्या मर्यादेच्या आत ठेवावा. प्रकल्पातून घेतलेला लॅपटॉप, ध्वनिमुद्रक आणि पुस्तके संस्थेची मालमत्ता ठरतात. ती महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत आणि ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढवून त्या पानांच्या साक्षांकित प्रती हिशेबाला जोडाव्यात, कारण लेखापरीक्षक त्या हमखास मागतात.