पार्श्वभूमी : एकच जंतू, दोन स्ट्रेन

तान्ह्या बाळाच्या रक्तात क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे दोन जंतू एकत्र सापडले तर रिपोर्टवर दोन नावं येतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस या एकाच जंतूचे दोन स्ट्रेन (एकाच प्रजातीतले वेगळे वाण) असतील तर नाव एकच. दोन्हींना 'मिश्र संसर्ग'च म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

प्लेटवरची एक कॉलनी (जंतू वाढून झालेला ठिपका) उचलून शुद्ध कल्चर करायची, म्हणजे तेवढाच जंतू वाढवायची पद्धत १८८०च्या दशकापासूनची. दुय्यम स्ट्रेनच्या कॉलन्या २० टक्के असतील, तर एक कॉलनी उचलताना तो निसटण्याची शक्यता ८० टक्के. पाच उचलल्या तरी ३३ टक्के.

कमी दिवसांची बाळं जगू लागली, कॅथेटर आठवडेच्या आठवडे राहू लागले, तसा एरवी 'कातडीवरचा' म्हणून सोडून दिला जाणारा हा स्टॅफिलोकोकस एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) उशिराच्या सेप्सिसचा, म्हणजे रक्तातल्या गंभीर संसर्गाचा, मोठा मानकरी ठरला. मग वाद आला : खरा कुठला, कंटॅमिनंट (रक्त काढताना कातडीवरून मिसळलेला) कुठला?

रुग्णालयातल्या रक्तसंसर्गाच्या अमेरिकेतल्या देखरेखीच्या व्याख्येत पूर्वी एक पॉझिटिव्ह कल्चर आणि सुरू केलेलं अँटिबायोटिक एवढं पुरे. २००८पासून कातडीवरच्या जंतूंसाठी वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन कल्चर लागू लागली. ९०० ग्रॅमच्या बाळात सगळं मिळून रक्त जेमतेम ८० मिली. त्यातून दोनदा १ मिली काढायला हात धजत नाही. दोन्ही कल्चरमधला जंतू 'तोच' कधी मानायचा, हा त्याहून मोठा तिढा. तेव्हा अँटिबायोग्राम (कुठलं औषध चालतं याचा तक्ता) दोन किंवा अधिक औषधांत वेगळा आला की जंतू वेगळे धरत. पुढे ती तुलनाच काढून टाकली. प्रजाती जुळली की झालं. मोजणी सुटसुटीत झाली खरी, पण दोन स्ट्रेनची बाळं आकडेवारीत दिसेनाशी झाली. हा सौदा आमच्या मते महागच.

पीएफजीईच्या (डीएनएचे तुकडे वेगळे करून पट्ट्या पाहण्याच्या तंत्राच्या) पट्ट्यांनी आणि नंतर जीनोम वाचनाने एकाच आजारात वेगळे स्ट्रेन दाखवले. उलटही दिसलं : लहान-मोठ्या दोन तऱ्हेच्या कॉलन्या, पण स्ट्रेन एकच. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही.

प्लेट २४ तासांत टाकून दिली तर संथ वाढणारी कॉलनी दिसतच नाही. ४८ ते ७२ तास ठेवावी. प्रत्येक तऱ्हेची कॉलनी वेगळी पुन्हा स्ट्रीक करून (नव्या प्लेटवर ओढून) तिचा अँटिबायोग्राम वेगळा लावावा. औषधाच्या डिस्कभोवतीच्या स्वच्छ वर्तुळात एखाद-दोन कॉलन्या उगवल्या, तर कडेचं माप घेऊन 'सेन्सिटिव्ह' लिहू नये. त्या उचलून पुन्हा वाढवाव्यात. कधी तो दुसरा, रेझिस्टंट स्ट्रेन असतो.