'नज' म्हणजे नेमकं काय : पार्श्वभूमी

सोबत दुसरा कोणी असला की सायकलस्वार जास्त वेग घेतो, हे १८९८ साली एका अमेरिकन संशोधकाने शर्यतींच्या नोंदी चाळून दाखवलं होतं. रोजच्या वागण्यावरचे प्रयोग तेव्हापासून चालू आहेत. ते घराघरांत पोचले मात्र २००८ नंतर, एका इंग्रजी पुस्तकाने रूढ केलेल्या 'नज' या शब्दामुळे.

या शब्दाला मराठीत अजून घर मिळालेलं नाही. मूळ अर्थ कोपराने हलकेच ढकलणं. पण 'कोपरखळी' म्हटलं की टोमणा आठवतो आणि 'टोचणी' मनाला लागते. आम्ही इंदूरकर हिंदीच्या सवयीने 'इशारा' म्हणतो. तोच शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रात ताकीद होतो! मूळ व्याख्येत ताकिदीला जागाच नाही : एकही पर्याय बंद करायचा नाही, पैशाचं गणित फारसं बदलायचं नाही, फक्त पर्यायांची मांडणी बदलायची. २००३ च्या एका अभ्यासात अवयवदानाला संमती ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के आणि जर्मनीत १२ टक्के दिसली. ऑस्ट्रियात नकार कळवावा लागे, जर्मनीत होकार. फरक तेवढाच.

याच कसोटीवर इंदूरची स्वच्छता घासून पाहायला हवी. २०१७ साली शहर देशात पहिलं आलं आणि व्याख्यानांतून 'नजचा उत्तम नमुना' म्हणून आमचं नाव फिरू लागलं. २०१८-१९ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेही स्वच्छ भारत मोहिमेची मांडणी याच अंगाने केली. मला हे पटत नाही. सकाळी गाडीचं गाणं वाजतं, शेजारच्या काकू दोन बादल्या घेऊन फाटकाशी येतात. ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी दिसली की गाडीवरची ताई ती परत हातात देते, "आंटीजी, ये सूखे में." गाणं हा नज, मान्य. रस्त्यावरच्या कचरापेट्या हटवल्या, म्हणजे एक पर्याय बंदच झाला. उघड्यावर कचरा टाकला की दंडाची पावती, म्हणजे पैशाचं गणित बदललं. आणि दारोदार रोज न चुकता येणारी गाडी ही तर सरळ सेवा आहे, माणसांच्या घामावर चालणारी. हे सगळं 'नज'मध्ये घातलं की त्या ताईचे कष्ट हिशेबातून गळतात.

पुढे शब्दाचा भावही उतरला. २०२२ मध्ये नजच्या १२६ सरकारी प्रयोगांचा ताळेबंद निघाला. विद्यापीठांच्या छापील अभ्यासांत नजमुळे लोकांच्या वागण्यात सरासरी ८.७ टक्के-बिंदूंचा (म्हणजे शंभरात साधारण नऊ माणसांचा) फरक दिसत होता, तर सरकारी पथकांच्या प्रत्यक्ष प्रयोगांत १.४. यश आलेले प्रयोगच जास्त छापले जातात, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने हा पक्षपात वजा करून दोनशेहून अधिक अभ्यास पुन्हा मोजले, तर नज चालतो असा सरसकट पुरावाच उरला नाही.