डेट्रॉईट लायन्सचा २००८ चा सीझन (०-१६)

डेट्रॉईट लायन्सचा २००८ चा सीझन म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला असा पहिला सीझन ज्यात एक टीम १६ च्या १६ मॅच हरली. गंमत बघा, आदल्याच वर्षी २००७ ला न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनी लीग स्टेजच्या १६ पैकी १६ जिंकल्या होत्या. १९७८ पासून १६ मॅचचा सीझन चालू होता आणि तीस वर्षं ही दोन्ही टोकं कुणी गाठली नव्हती, मग लागोपाठच्या दोन वर्षांत दोन्ही झाली. लायन्सनी सीझनभरात २६८ पॉइंट केले आणि ५१७ दिले, म्हणजे सरासरीने दर मॅचला पंधरा-सोळा पॉइंटनी मार खाल्ला.

हे किती अवघड आहे ते कळायला लीग कशी चालते ते थोडं माहीत पाहिजे. एनएफएलमध्ये ३२ टीम आहेत आणि सगळी रचनाच अशी की कुणी फार वर जाऊ नये आणि कुणी फार खाली राहू नये. जी टीम सगळ्यात वाईट खेळते तिला पुढच्या वर्षी कॉलेजमधून येणाऱ्या नवीन खेळाडूंमधला पहिला खेळाडू उचलायला मिळतो, यालाच ड्राफ्ट म्हणतात. शिवाय पगारावर सगळ्यांना सारखी मर्यादा, म्हणजे श्रीमंत मालकाने पैसे ओतून सगळे स्टार गोळा केले असं होत नाही, आणि टीव्हीच्या हक्कांचे पैसेही सगळ्यांत वाटले जातात. त्यामुळे अगदी रद्दड टीमसुद्धा वर्षात दोन-तीन मॅच जिंकून जातेच, कधी समोरच्याचा दिवस वाईट असतो, कधी बॉल विचित्र उडतो. एकही न जिंकणं हे एका वर्षाच्या वाईट खेळाने होत नाही, त्याला आधी बरीच वर्षं मिळालेली मदत वाया घालवावी लागते, आणि लायन्सनी ती घालवली होती.

मिलन पर्व

२००१ ला मालक विल्यम क्ले फोर्ड यांनी (हो, मोटारवाले फोर्ड, हेन्री फोर्डचे नातू) मॅट मिलनला टीमचा सर्वेसर्वा केला. मिलन स्वतः खेळाडू म्हणून जबरदस्त होता, चार सुपर बोल (म्हणजे लीगची फायनल) जिंकलेला, नंतर टीव्हीवर चांगली कॉमेंट्री करायचा, पण टीम चालवायचा, खेळाडू निवडायचा अनुभव शून्य. पहिल्याच वर्षी टीम २-१४, म्हणजे दोन जिंकल्या, चौदा हरल्या. पहिली तीन वर्षं बाहेरच्या मैदानावर एकही मॅच जिंकली नाही, २४ पैकी २४ हरले. त्याच काळात एका कोचने ओव्हरटाइमला टॉस जिंकून बॉल न घेता वाऱ्याची दिशा घेतली आणि मॅच घालवली, तो किस्सा अमेरिकेत अजून सांगतात.

पण खरा घोळ ड्राफ्टमध्ये. २००३, २००४, २००५ अशी लागोपाठ तीन वर्षं मिलनने पहिल्या राउंडमध्ये रिसीव्हरच घेतला, म्हणजे लांब पळून पास पकडणारा खेळाडू. २००३ ला दुसऱ्या नंबरला चार्ल्स रॉजर्स घेतला, तो फुकट गेला आणि त्याच्या लगेच मागे तिसऱ्या नंबरला ह्यूस्टनने घेतलेला आंद्रे जॉन्सन पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. २००५ ला दहाव्या नंबरला माइक विल्यम्स घेतला, पुढच्याच अकराव्या नंबरला डॅलसने डिमार्कस वेअर उचलला, तोही हॉल ऑफ फेम. पास पकडणारे गोळा करत बसले आणि समोरच्याला अडवणारे कुठेच नाहीत अशी अवस्था. डिसेंबर २००५ ला तर प्रेक्षकांनी मिलनच्या निषेधासाठी मोर्चा काढला आणि घरच्याच मैदानावर समोरच्या सिनसिनाटीचा केशरी रंग घालून आले. मालकांनी तरीही त्याला काढलं नाही, उलट आधीच कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं होतं.

२००७ ला जरा आशा वाटली होती. क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जॉन किटना सीझनआधी म्हणाला होता की आम्ही दहा तरी जिंकू, टीमने सुरुवात ६-२ अशी केली, लोकं खूश, मग पुढच्या आठपैकी सात हरून ७-९ वर गाडी थांबली. मग ऑफेन्सचा कोच माइक मार्ट्झला काढला, डिफेन्सचा भरभक्कम खेळाडू शॉन रॉजर्स क्लीव्हलँडला देऊन टाकला आणि बदल्यात एक ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू उचलायचा हक्क) आणि कॉर्नरबॅक, म्हणजे मागे राहून पास अडवणारा, ली बॉडन घेतला. हेड कोच रॉड मरिनेली टॅम्पा बेवरून आलेला असल्यामुळे टॅम्पाचेच जुने खेळाडू आणून टॅम्पाचीच डिफेन्सची पद्धत बसवायचा प्रयत्न चालू होता. त्या पद्धतीत पुढच्या चौघांनी समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाऊन त्याला घाईला आणायचं असतं, तरच मागचे बॉल पकडू शकतात. पुढचे चौघं काही करू शकले नाहीत तर समोरचा आरामात उभा राहून पास टाकतो, आणि वर्षभर तेच चाललं.

आणि सराव मॅचमध्ये? चारपैकी चार जिंकल्या!! ऑगस्टच्या सराव मॅचवरून काही ठरत नाही याला याच्याइतका मोठा पुरावा दुसरा सापडणार नाही.

सीझन

पहिलीच मॅच अटलांटाला. समोर मॅट रायन नावाचा नवखा क्वार्टरबॅक, त्याचा लीगमधला पहिलाच पास ६२ यार्डांचा टचडाऊन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्टीत, म्हणजे एंड झोनमध्ये, नेणं). त्याच मॅचमध्ये मायकल टर्नर २२० यार्ड पळाला, अटलांटाचा रेकॉर्ड. दुसऱ्या मॅचला ग्रीन बे घरी आले, लायन्स २१-० मागे पडले, मग चक्क परत येऊन २५-२४ असे पुढे गेले, स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी, आणि तिथून ४८-२५ हरले. तिसरी सॅन फ्रान्सिस्कोला ३१-१३. यानंतर मालकांचा मुलगा बिल फोर्ड ज्युनियर, जो टीमचा उपाध्यक्ष होता, त्याने जाहीर बोलून टाकलं की माझ्या हातात असतं तर मी मिलनला काढलं असतं. दोन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मिलनला काढलं. आठव्या वर्षी. त्याच्या काळातला हिशोब ३१ विजय आणि ८४ पराभव.

१२ ऑक्टोबरची मिनेसोटाची मॅच मात्र नीट सांगायला हवी. किटना जखमी झाल्यामुळे डॅन ऑर्लोव्स्की पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळत होता. पहिल्या क्वार्टरमध्ये लायन्स स्वतःच्या गोल लाइनला अगदी चिकटून होते, ऑर्लोव्स्की बॉल घेऊन मागे स्वतःच्याच एंड झोनमध्ये गेला, समोरून जॅरेड ॲलन नावाचा धिप्पाड खेळाडू अंगावर आला, तर हा उजवीकडे पळाला, नजर पुढे, पास कुणाला टाकू हे शोधतोय, आणि पळता पळता एंड झोनच्या मागच्या रेषेच्या बाहेर. तेही एक पाऊल नाही, चांगली तीन-चार पावलं, शिट्ट्या वाजतायत आणि हा अजून पास टाकायच्या नादात. कबड्डीत चढाईवाला समोर नाचत असताना आपलाच भिडू मागच्या मागे लाइनबाहेर जावा तसं झालं. याला सेफ्टी म्हणतात, समोरच्याला फुकट दोन पॉइंट. मॅचचा निकाल काय लागला तर १२-१०. दोनच पॉइंटनी हरले! अर्थात सगळं खापर त्याच्यावर फोडणं बरोबर नाही, कारण त्याचीच ती मॅच बाकी चांगली गेली होती, कॅल्व्हिन जॉन्सनला टचडाऊनही दिला होता, आणि शेवटी मिनेसोटाला पुढे नेलं ते पंचांच्या एका निर्णयाने. बॉडनने पास अडवताना धक्का दिला म्हणून ४२ यार्डांचा फाऊल, जो रिप्लेमध्ये बघितला तर फाऊल वाटतच नाही, आणि त्यावर शेवटच्या काही सेकंदांत फील्ड गोल, म्हणजे किक मारून तीन पॉइंट. शॉन रॉजर्सला देऊन आणलेला तोच हा बॉडन.

दोन दिवसांनी रॉय विल्यम्स, मिलनच्या तीन रिसीव्हरांमधला एकमेव चाललेला, डॅलसला विकला आणि बदल्यात पहिल्या राउंडचा पिक मिळवला. वाईट सीझनमधला हा एक शहाणा व्यवहार. नोव्हेंबरमध्ये क्वार्टरबॅक म्हणून डॉन्टे कल्पेपरला बोलावलं, ज्याने दोन महिन्यांपूर्वी रिटायरमेंट जाहीर केली होती.

लोकांना वाटतं ही टीम प्रत्येक मॅच एकतर्फी हरली असेल, तसं नाही. शिकागोविरुद्ध अर्ध्या मॅचला २३-१३ पुढे होते, २७-२३ हरले. टॅम्पाविरुद्ध सुरुवातीलाच १७-० पुढे, शेवट ३८-२०. मिनेसोटाविरुद्ध घरची मॅच २०-१६. म्हणजे पुढे जाता यायचं, टिकवता येत नव्हतं, कारण डिफेन्स नावाची गोष्टच नव्हती. पूर्ण सीझनमध्ये त्यांनी समोरच्याचे फक्त ४ पास पकडले, १६ मॅचमध्ये चार. डिफेन्सचा कोच जो बॅरी, तो हेड कोच मरिनेलीचा जावई. मग काय, न्यू ऑर्लिन्सकडून ४२-७ हरल्यावर प्रेस कॉन्फरन्समध्ये एका पत्रकाराने मरिनेलीला विचारलं की मुलीने जरा बरा डिफेन्स कोच बघून लग्न करायला हवं होतं असं वाटतं का. प्रश्न भलताच खालच्या पातळीचा होता आणि पत्रकारावर टीकाही बरीच झाली, पण लोकं किती वैतागली होती हे त्यातून कळतं.

चांगलं काहीच नव्हतं असंही नाही. कॅल्व्हिन जॉन्सनने कोण पास टाकतंय याची पर्वा न करता १,३३१ यार्ड आणि १२ टचडाऊन केले, आणि किकर जेसन हॅन्सनने ५० यार्डांपलीकडून मारलेल्या ८ च्या ८ किक आत घातल्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी!

शहर

हा सीझन डेट्रॉईटला जास्त लागला कारण त्याच महिन्यांत शहराचं पोटच धोक्यात होतं. सप्टेंबरमध्ये महापौरांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरमध्ये जीएम (जनरल मोटर्स), क्रायस्लर आणि फोर्डचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तेही खासगी विमानांनी, त्यावरून देशभर छी-थू झाली. डिसेंबरमध्ये जीएम आणि क्रायस्लरला सरकारी कर्ज मिळालं, फोर्डने ते घेतलं नाही. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या डेट्रॉईटजवळच्या भागांत ऑटो कंपन्यांमधे काम करणारे मराठी इंजिनिअरही पुष्कळ, त्यांच्यासाठी तो हिवाळा फुटबॉलचा नव्हता, नोकरी राहते का जाते याचा होता.

तेव्हा एनएफएलचा नियम होता की मॅचच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं विकली गेली नाहीत तर त्या शहराच्या आसपास टीव्हीवर मॅच दाखवायची नाही. लायन्सचं स्टेडियम फोर्ड फील्ड भरेना, त्यामुळे घरच्या काही मॅच डेट्रॉईटमधल्या लोकांना टीव्हीवर दिसल्याच नाहीत (काहींनी याला उपकारच म्हटलं असेल). पण थँक्सगिव्हिंगची (अमेरिकेतला नोव्हेंबरमधला सण) मॅच सगळ्या देशाने बघितली. १९३४ पासून, महायुद्धाची काही वर्षं सोडून, त्या दिवशी डेट्रॉईटमध्ये मॅच असतेच, घराघरांत जेवणाच्या टेबलाशेजारी ती चालू असते. समोर १०-१ वाली टेनेसी. अर्ध्या मॅचलाच ३५-१०, शेवटी ४७-१०. लायन्सकडून ही मॅच काढून घ्या अशी ओरड तेव्हा परत सुरू झाली, पण ती काही काढली नाही.

शेवट २८ डिसेंबरला ग्रीन बेला, जिथे लायन्स १९९१ नंतर एकदाही जिंकले नव्हते. चौथ्या क्वार्टरमध्ये २४-२१ पर्यंत आले, वाटलं एक तरी, आणि डोनाल्ड ड्रायव्हरला ७१ यार्डांचा टचडाऊन. ३१-२१. दुसऱ्या दिवशी मरिनेलीला काढलं.

पुढे

२००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर अर्थातच लायन्सचा, त्यांनी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. नवीन कोच जिम श्वार्ट्झ. तरी पहिल्या दोन मॅच हरले आणि २००७ ची शेवटची धरून पराभवांची माळ १९ वर गेली, ती तुटली २७ सप्टेंबर २००९ ला वॉशिंग्टनविरुद्ध १९-१४. आणि ती मॅचसुद्धा तिकिटं न खपल्यामुळे डेट्रॉईटमध्ये टीव्हीवर नव्हती. २०११ ला १०-६ करून टीम प्लेऑफमध्ये गेली. प्लेऑफमधला विजय मात्र थेट २०२३ च्या सीझनला मिळाला, तोपर्यंत स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला जाऊन सुपर बोल जिंकून बसला होता. ऑर्लोव्स्की आता ईएसपीएनवर क्वार्टरबॅकांच्या चुका समजावून सांगतो, चांगला सांगतो, आणि स्वतःच्या त्या सेफ्टीवर स्वतःच जोक करतो.

लायन्सच्या आधी १९७६ ला टॅम्पा बे ०-१४ होते, पण टीमचं ते पहिलंच वर्ष, आणि सीझनही १४ मॅचचा. ०-१६ ची बरोबरी केली ती २०१७ ला क्लीव्हलँड ब्राउन्सनी, तेही सराव मॅच चारच्या चार जिंकून! क्लीव्हलँडच्या लोकांनी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती ‘परफेक्ट सीझन’ची मिरवणूक काढली, आणि कोच ह्यू जॅक्सनला आधी बोलून बसल्यामुळे लेक ईरीमध्ये उतरावं लागलं. २०२१ पासून सीझन १७ मॅचचा झालाय, त्यामुळे आता कुणाला एकही न जिंकता नेमक्या १६ हरायच्या असतील तर एक मॅच बरोबरीत सोडवावी लागेल.