इंजिन ओरडतंय, ट्रॅक्टर मात्र ओढत नाही

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागांत मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. मागे 600 लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) भरला तर नुसत्या पाण्याचंच वजन 600 किलो, त्यात खाली ओली काळी माती. ‘ट्रॅक्टर ओढत नाही’ ही तक्रार नेमकी याच दिवसांत येते, आणि बरेच जण पहिला हात डिझेल फिल्टरला घालतात. त्याआधी इंजिनाचा आवाज ऐकावा.

लोड आल्यावर इंजिनाचा आवाज बसत गेला, तर ताकद इंजिनातच कमी पडते आहे. डिझेल फिल्टर तुंबलाय, डिझेलमध्ये पाणी आलंय किंवा एअर क्लीनर धुळीने भरलाय. सोबत काळा धूर असेल तर आधी एअर क्लीनर उघडा. आवाज ठीक आहे, पण चाकं जागच्या जागी फिरतात, तर दोष टायरचा: नक्षी झिजलेली किंवा हवा गरजेपेक्षा जास्त. तिसरी खूण वेगळी. आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही, वर जळका वास येतो. हा क्लच घसरतोय.

क्लच चालतो केवळ घर्षणावर. इंजिनाचं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. किती जोर पुढे जाईल हे लायनिंगची (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराची) पकड, स्प्रिंगचा दाब आणि प्लेटचा आकार यांवर ठरतं. लोड या मर्यादेपलीकडे गेला की प्लेट घसरते आणि घसरण्यात गेलेली सगळी ताकद उष्णता होते. 60 न्यूटन-मीटर जोर जात असताना प्लेट मिनिटाला 500 फेऱ्यांनी मागे पडली, तर तिथे सुमारे 3 किलोवॅट उष्णता तयार होते. बाथरूममधला झटपट गिझर साधारण तेवढाच असतो, फरक इतकाच की इथे ती उष्णता न्यायला पाणी नाही. लायनिंग काचेसारखं गुळगुळीत होतं, स्प्रिंग मऊ पडतात, पकड आणखी घटते. म्हणून ‘एवढी फवारणी उरकून घेऊ, मग बघू’ हे महागात पडतं.

शिवाय ती फवारणीही धड होत नाही. एकच क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओची (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची) ताकदही त्याच प्लेटमधून जाते. मीटरवरचा काटा इंजिनाचे आरपीएम दाखवतो, क्लचच्या पलीकडचे नाही. काटा 540 च्या (पीटीओच्या मिनिटाला 540 फेऱ्यांच्या) खुणेवर असूनही ब्लोअरचा पंखा मंद फिरत असू शकतो. पंख्याचा वेग 10 टक्के घटला तर हवेत जाणारी ताकद सुमारे 27 टक्के घटते, कारण ती वेगाच्या घनानुसार बदलते. मग औषध पानाच्या मागच्या बाजूला पोहोचत नाही, आणि डावणी हा बुरशीचा रोग बसतो तो तिथेच.

खात्री करायची तर सपाट मोकळी जागा घ्या, पुढे-मागे कोणी नको. पीटीओ बंद, दोन्ही ब्रेक पेडल जोडून पार्किंग ब्रेक पक्का. वरचा गिअर टाका, इंजिन मध्यम वेगावर ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच इंजिन बंद पाडतो. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिलं, तर निदान झालं. लगेच पेडल दाबा. ही चाचणी एकदाच करा, कारण तीसुद्धा प्लेट तापवते.

आता पेडल बघा. बोटाने दाबल्यावर ते सुरुवातीला मोकळं हललं पाहिजे, बहुतेक मॉडेलमध्ये 20 ते 30 मिलिमीटर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. लायनिंग झिजतं तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिची बोटं (तिला मागे खेचणारे छोटे लिव्हर) रिलीज बेअरिंगकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे, येतात आणि ही मोकळी चाल कमी होत जाते. ती संपली की पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. लॉक नट सैल करून पेडलच्या रॉडची लांबी बदलली की चाल परत मिळते. पाच मिनिटांचं काम. रॉडला फिरवायला जागाच उरली नसेल, तर प्लेट संपली.

चाल बरोबर असूनही घसरत असेल तर क्लच हाउसिंगच्या तळाचं भोक तपासा. काळं पातळ तेल ठिबकत असेल तर क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलंय, घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबला तरी आतला दाब तेल सीलबाहेर ढकलतो. नवं सील पुन्हा पुन्हा गळतं त्यामागे अनेकदा हेच असतं. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुणं व्यर्थ. तापली की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं.

बसून चालवायच्या लॉन मोवरमध्ये हीच तक्रार बहुधा पट्ट्याची असते. व्ही-पट्टा कडांनी पकडतो, तळाने नाही. कडा चकाकत असतील किंवा पट्टा पुलीच्या तळाला टेकत असेल, तर ताण न वाढवता पट्टाच बदला.

प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. मजुरी बहुतेक त्यातच जाते, म्हणून रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सील त्याच वेळी बदलून घ्यावीत. झिजलेल्या लायनिंगच्या रिव्हेटने फ्लायव्हीलवर चरे पाडले असतील तर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या, नाहीतर नवी प्लेटही लवकर खाल्ली जाईल. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतो, म्हणून धूळ ओल्या फडक्याने पुसावी. नवी प्लेट बसते तशी पेडलची चाल बदलते, तेव्हा पहिल्या काही फवारण्यांनंतर ती पुन्हा मोजा.